मदत हवी आहे: दोन हंगामांच्या नोंदींसाठी कोणते मॉडेल वापरावे?

सागपान:
वनकीटकशास्त्रातील माझ्या प्रबंधाचे कीडसंख्येच्या चढउतारावरील प्रकरण अडले आहे. दोन हंगामांच्या नोंदी हाती आहेत, परंतु एकाही मॉडेलमध्ये त्या नीट बसत नाहीत. फेलोशिप मार्चमध्ये संपते. कोणते मॉडेल वापरावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

जंगलवाट:
कीटक कोणता, जंगल कोणते आणि आपण नेमके काय मोजले?

सागपान:
आलापल्ली परिसरातील साग. अर्थातच पाने खाणारी अळी. जून ते नोव्हेंबर, दर पंधरा दिवसांनी पर्णहानीची टक्केवारी.

एंगाडिन:
मी सध्या स्वित्झर्लंडमध्ये आहे. येथील एंगाडिन खोऱ्यात लार्च या सूचिपर्णी वृक्षांवरील पतंगाचे उद्रेक दर ८ ते १० वर्षांनी होत असत. झाडांच्या वार्षिक वलयांवरून त्यांचा हजाराहून अधिक वर्षांचा इतिहास वाचता आला, म्हणूनच १९८० च्या दशकात हे चक्र मोडल्याचे ठामपणे सांगता येते. सागालाही वलये असतात. खोडाचे नमुने घ्यावेत.

दक्षिणवारा:
हे उदाहरण सागाला लावणे मला मान्य नाही. लार्चवरील पतंगाची वर्षाला एकच पिढी होते, तर सागाची पाने खाणाऱ्या अळीची, म्हणजे हायब्लिया प्युएराची पिढी उष्ण हवेत सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण होते. मी केरळमधील निलांबूरला काम केले आहे. तेथे मान्सूनपूर्व सरींनंतर कोवळी पालवी फुटली की लहान लहान टापूंत उद्रेक सुरू होतो आणि पुढच्या पिढीचे पतंग दुसरीकडे निघून जातात. त्यामुळे एखाद्या ठिकाणी अळ्या दिसेनाशा झाल्या म्हणजे कीड मेली, असे मानता येत नाही. शिवाय वलयांत पावसाचाही परिणाम मिसळलेला असतो.

एंगाडिन:
ही कीड न लागणाऱ्या शेजारच्या वृक्षांच्या वलयांशी तुलना करून पावसाचा परिणाम वेगळा काढता येतो.

रोपवन:
निलांबूर येथील पाच वर्षांच्या अभ्यासात या अळीमुळे सागाची सुमारे ४४ टक्के संभाव्य वाढ बुडाल्याचे दिसले होते. मॉडेलपेक्षा या अळीला मारणाऱ्या विषाणूची फवारणी हाती घ्यावी. ती उद्रेकाच्या आरंभीच, कोवळ्या अळ्यांवर झाली पाहिजे.

सागपान:
मला नियंत्रण नको आहे, विश्लेषण हवे आहे.

जंगलवाट:
नोंदी नोव्हेंबरपर्यंतच्या आहेत, म्हणून विचारतो. हायब्लिया कोवळे पान खाऊन मोठ्या शिराच शिल्लक ठेवते, तर हंगामाच्या उत्तरार्धात येणारी दुसरी अळी पक्व पानातील शिरांमधला भाग खाऊन जाळी करते. आपल्या टक्केवारीत या दोन्ही एकत्र आहेत का?

सागपान:
होय, एकत्रच आहेत. दोन्ही पर्णहानीच असल्यामुळे वेगळी नोंद ठेवली नाही.

जंगलवाट:
मग आपण दोन कीटकांची संख्या एकच समजून मॉडेल बसवत आहात. दोन हंगामांवरून वर्षावर्षांचे चक्र सिद्ध होणारच नाही. मात्र पाऊस, पालवी आणि पहिला उद्रेक यांचा हंगामांतर्गत संबंध प्रामाणिकपणे मांडता येईल. पानांची छायाचित्रे आहेत का?

सागपान:
प्रत्येक फेरीची आहेत, तारखांसह. आज रात्रीच शिरा आणि जाळी पाहून ती वेगळी करायला घेतो. ज्या पानावर दोन्ही खुणा आहेत, ते कशात धरावे?