कापलेलं पान
(ग्रुप: आपली मंडळी)

मृण्मयी: सिडनीहून सगळ्यांना नमस्कार. शनिवारी जुन्या पुस्तकांच्या बाजारात हे तीन अंक मिळाले. ‘द ऑस्ट्रेलियन वुमन्स मिरर’, बायकांचं साप्ताहिक, १९३० च्या दशकातलं. पण एका अंकाच्या पानाचं काय झालंय बघा. (फोटो)

निनाद: उंदीर.

मृण्मयी: उंदीर सरळ रेषेत कुरतडत नाही रे. कात्री आहे. कडा बघ.

विद्याकाकू: कूपन असेल गं. साबणाबिबणाचं. मीसुद्धा कापायचे.

विद्याकाकू: थांब थांब, पानाच्या मागच्या बाजूला विणकाम दिसतंय! लहान बाळाचा स्वेटर आहे का? नीट उजेडात फोटो काढ बघू.

मृण्मयी: काढते काकू. आधी ऐका. बाकीचे दोन अंक शाबूत आहेत आणि दोन्हींत साधारण त्याच पानावर एकच चीज आहे. म्हणजे कापलेल्या अंकातही तीच असणार. (फोटो)

निनाद: आईशप्पथ. वेताळ!!

बापूकाका: शक्य नाही. जोडलेला फोटो आहे. हल्ली एआयवर काय वाट्टेल ते करतात. वेताळ म्हणजे इंद्रजाल कॉमिक्स, जंगलातला मुखवटेवाला नायक. बायकांच्या साप्ताहिकात टाके आणि पाककृतींच्या मधे तो काय करेल?

सुमनआत्या: जे तो सगळीकडे करतो तेच, बापू. ठोसे मारेल.

मृण्मयी: काका, फोटो मी स्वतः काढलाय, अंक आत्ता मांडीवर आहे. शोधलं तेव्हा कळलं ते असं. अमेरिकेत वेताळाची चित्रपट्टी, म्हणजे ‘द फँटम’, १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झाली. लेखक ली फॉक, चित्रं रे मूर. आणि १ सप्टेंबर १९३६ पासून ती इथे ‘मिरर’मध्ये. जेमतेम साडेसहा महिने! इंद्रजालचा पहिला अंक कधीचा?

बापूकाका: मार्च १९६४.

निनाद: मामा, २८ वर्षांनी हरलात.

(बापूकाका वीस मिनिटं गप्प. मधे कुणीतरी गुलाबाचं फूल आणि ‘शुभ दिन’ टाकलं. त्याला दोन अंगठे आले.)

बापूकाका: इंद्रजालची ट्रंक उघडायला गेलो होतो. बरं, मान्य. पण एक दुरुस्ती करतो, आपल्याकडेही तो इंद्रजालच्या आधी आला होता. ‘इलस्ट्रेटेड वीकली’त चाळीसच्या दशकापासून यायचा. इंद्रजालने त्याला मराठी बोलायला लावलं. आता हे बायकांच्या साप्ताहिकाचं गौडबंगाल सांग. ‘मिरर’ काढायचं कोण?

मृण्मयी: इथेच तर गंमत आहे. ‘द बुलेटिन’ काढणारी कंपनी. ‘बुलेटिन’ म्हणजे १८८० पासूनचं पक्कं पुरुषी साप्ताहिक. रानात, मेंढ्यांच्या कुरणांवर राबणाऱ्या गड्यांचं बायबल म्हणायचे त्याला. त्यांनीच १९२४ मध्ये बायकांसाठी ‘मिरर’ काढलं. आणि वेताळ ‘बुलेटिन’मध्ये नाही छापला, ‘मिरर’मध्ये छापला!

निनाद: गड्यांना कथा-कविता, बायांना मारामारी. न्याय झाला.

मृण्मयी: त्यात स्पर्धा पण असणार. १९३३ मध्ये ‘द ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली’ निघालं आणि त्यात १९३४ पासून मॅण्ड्रेक होता. मॅण्ड्रेकसुद्धा ली फॉकचाच. ‘वीकली’कडे जादूगार मॅण्ड्रेक, तर ‘मिरर’कडे मुखवटेवाला वेताळ. हा माझा अंदाज, पण तारखा बघितल्या की दुसरं काही सुचत नाही.

बापूकाका: मॅण्ड्रेकपण बायकांकडे?? मग आमच्याकडे काय राहिलं!

सुमनआत्या: बहादूर. इंद्रजालचा देशी नायक.

बापूकाका: मी छापखान्यात एकतीस वर्षं काढली म्हणून यातलं दुसरं अंग सांगतो, ते कुणाच्या लक्षात येत नाही. चित्र छापायचं म्हणजे ब्लॉक, धातूचा ठसा, करून घ्यावा लागे. चित्रकाराचे पैसे, ब्लॉकचे पैसे, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. वर चित्रकार आजारी पडला की पान रिकामं. अमेरिकेतली किंग फीचर्स सिंडिकेट चित्रकाराला एकदा पैसे द्यायची आणि तीच पट्टी जगभर विकायची. अशा पट्ट्यांचे कागदी लगद्याचे साचे टपालाने यायचे. त्याला मॅट म्हणत. त्यात शिसं ओतलं की प्लेट तयार. ना लेखक सांभाळायचा ना चित्रकार. संपादकाला आणखी काय पाहिजे? तिथल्या स्थानिक चित्रकारांच्या पोटावर पाय आला ती गोष्ट वेगळी.

मृण्मयी: त्यांनी आरडाओरडा केलाच काका. आयात पट्ट्या बंद करा म्हणून इथल्या चित्रकारांनी बरीच मागणी लावून धरली होती.

सुमनआत्या: स्वस्त माल होता म्हणून छापला, हे पटलं. पण स्वस्त माल कुणी कात्रीने कापून ठेवत नाही, बापू. तो चौकोन ज्याने कापला त्याला ते पान हवं होतं. मला तो माणूस महत्त्वाचा वाटतो.

विद्याकाकू: आणि मला स्वेटर. मृण्मयी, फोटो??

निनाद: कापणारा नक्की पोरगा असणार. आईचं साप्ताहिक, मुलाची कात्री.

बापूकाका: किंवा नवरा. बायको विणायला बसली की हा गुपचूप पट्टी वाचणार.

सुमनआत्या: दोघांनाही बाई का सुचत नाही रे?

सुमनआत्या: आपल्याकडे किर्लोस्करांचं ‘स्त्री’ यायचं. पोस्टमनने टाकलं की वेष्टण कोण फोडायचं? अण्णा. आरामखुर्चीत बसून आधी ते वाचणार, मग आई, मग मी. मुखपृष्ठावर कुणाचंही नाव असो, घरात आलेलं मासिक घराचं असतं. ‘मिरर’वाल्यांना ते कळलेलं असणार. पैसे बाई देते कारण घरखर्चाची पर्स तिच्याकडे. तिने अंक घ्यावा म्हणून विणकाम. पुढच्या आठवड्यातही घ्यावा म्हणून घरातल्या चारही जणांनी तिच्यामागे लागायला हवं, त्यासाठी वेताळ. क्रमशः ही फार वाईट खोड आहे.

निनाद: म्हणजे आजच्या भाषेत फॅमिली पॅक.

मृण्मयी: आत्या, हे अगदी पटलं. अमेरिकेतल्या पेपरांत रविवारची पुरवणी रंगीत असायची, रोजच्या पट्ट्या काळ्यापांढऱ्या. म्हणजे ‘मिरर’मध्ये रंगांची भूलसुद्धा नव्हती. नुसती गोष्ट.

बापूकाका: बायका वाचत असतील तर डायनासाठी, वेताळाच्या प्रेयसीसाठी. डायनाचं लग्न कधी होतंय, एवढंच. मालिकांचं जे आज आहे तेच.

सुमनआत्या: मी मारामारीसाठी वाचायचे.

बापूकाका: तू??

सुमनआत्या: तुझ्याच ट्रंकेतून. आणि डायनाचं म्हणशील तर ती काही वाट बघत खिडकीत बसलेली नव्हती. पहिल्या गोष्टीपासून समुद्र, बोटी, चाचे, सगळीकडे हिंडते. पुढे संयुक्त राष्ट्रांत नोकरी करते. १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या बाईने एका पानावर बाळाचं टोपरं आणि मागच्या पानावर ही डायना पाहिली असेल, तर तिला काय वाटलं असेल याचा विचार कर. लग्नाचं राहू दे.

निनाद: पण लग्न झालं कधी?

बापूकाका: १९७७.

निनाद: १९३६ ते १९७७? ४१ वर्षं?! आमच्या लग्नाला तीन वर्षं उशीर झाला तर केवढी बोलणी खाल्ली मी.

विद्याकाकू: आई शेजारी बसल्यात, मी मोठ्याने वाचून दाखवतेय. त्या म्हणतात ते टाइप करते. “बापूसाठी त्याचे वडील ती पुस्तकं आणायचे. मुलं शाळेत गेली की दुपारी मी वाचायचे. डब्यांच्या मागे ठेवायचे. मला तो घोडा आवडायचा.”

बापूकाका: आई???

बापूकाका: म्हणजे अंक हरवत नव्हते!

विद्याकाकू: “हरवत कसे, संध्याकाळी परत ठेवायचे. एकावर हळद सांडली होती, ते तेवढं राहिलं.”

बापूकाका: त्या हळदीच्या डागावरून मी सुमनताईशी पन्नास वर्षं भांडतोय.

सुमनआत्या: माफी लेखी हवी. इथेच, ग्रुपवर.

(इथे पंधरा-वीस हसणारे चेहरे आले. ते सगळे दिले नाहीत.)

मृण्मयी: आजी ग्रेट आहे. काका, माफी राहू दे, मला एक सांगा. आपल्याकडच्या वेताळाच्या जंगलाचं नाव काय होतं? इथल्या अंकात वेगळंच वाटतंय.

बापूकाका: डेंकाली! हे मी सांगणारच होतो. मुळात ली फॉकने त्याला आपल्याच बाजूला वसवला होता. जंगलाचं नाव बंगालवरून बेतलेलं आणि चाच्यांची टोळी म्हणजे ‘सिंग ब्रदरहूड’. आता हे भारतात जसंच्या तसं छापलं तर बंगालमध्ये बुटके वनवासी आणि समस्त सिंग मंडळी दरोडेखोर! म्हणून इंद्रजालवाल्यांनी जागेचं डेंकाली केलं आणि सिंगचं सिंगा. एका कान्यात भांडण मिटवलं. पुढे अमेरिकेतही तो देश हळूहळू आफ्रिकेकडे सरकला.

सुमनआत्या: सरकला तरी गोष्ट तीच राहिली ना. गोरा माणूस कवटीच्या सिंहासनावर, आणि जंगलातली माणसं चारशे वर्षं त्याला अमर समजून घाबरतात. शाळेत मी मुलांना वाचू नका असं कधी म्हटलं नाही, पण हा प्रश्न विचारायचे. वर्ग शांत व्हायचा.

निनाद: आई, आम्हाला नाही विचारलास.

सुमनआत्या: तू वाचलंसच कुठे? तू चित्रं बघितलीस.

मृण्मयी: यावर एक भन्नाट गोष्ट. आमच्या शेजारी पापुआ न्यू गिनी. तिथे डोंगराळ भागात, वाघी खोऱ्यात, लढाईच्या ढालींवर लोकांनी वेताळ रंगवलाय. न मरणारा माणूस म्हणून. गोष्टीत जंगलातली माणसं त्याला घाबरतात, इथे त्यांनीच त्याला ढालीवर घेतला.

सुमनआत्या: हे माहीत नव्हतं. ढालीचा फोटो मिळाला तर टाक. या एका गोष्टीने माझा प्रश्न अर्धा झाला.

बापूकाका: अमेरिकेत म्हणे त्याला आता फारसं कुणी विचारत नाही. सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा. अंगाला घट्ट कपडे, मुखवटा, डोळ्यांत बुबुळं नाहीत, हे सगळं आमच्या वेताळाचं आधीचं. आणि मान कुणाला? धाकट्यांना.

मृण्मयी: इथे मान आहे अजून! १९४० मध्ये युद्धामुळे डॉलर वाचवायचे म्हणून ऑस्ट्रेलियाने अमेरिकी कॉमिक्सची आयात बंद केली. पण वेताळ इथे आधीच घरोघरी बसलेला, ‘मिरर’मुळे. युद्धानंतर सिडनीत चौघांनी मिळून १९४८ मध्ये त्याचं स्वतंत्र कॉमिक सुरू केलं. फोर्सिथ, रिचर्डसन, आयझन, वॉटसन. चौघांची आद्याक्षरं इंग्रजीत जोडून फ्र्यू पब्लिकेशन्स. ते अजून निघतंय, काका. दर पंधरवड्याला.

बापूकाका: अजून?

मृण्मयी: अजून. ‘मिरर’ मात्र १९६१ मध्ये बंद झालं.

बापूकाका: आणि आमचं इंद्रजाल १९९० ला. रद्दीवाला दारात उभा होता आणि ही म्हणाली, द्या टाकून.

विद्याकाकू: ट्रंक अजून पलंगाखालीच आहे. उगाच सहानुभूती गोळा करू नका.

निनाद: मृण्मयी, तो कापलेला अंक किती पैशांना?

मृण्मयी: कापलेला म्हणून दुकानदाराने फुकटच दिला, बाकी दोन घेतले म्हणून. तो म्हणाला, असे चौकोन पडलेले अंक त्याच्याकडे नेहमी येतात.

सुमनआत्या: नेहमी! बघा. म्हणजे एक घर नव्हे.

बापूकाका: ते शाबूत असलेले दोन अंक दिवाळीला येताना आण. मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवतो.

सुमनआत्या: अंक माझ्याकडे येतील. बायकांचं साप्ताहिक आहे. बापूला वाचायचं असेल तर दुपारी यावं, संध्याकाळपर्यंत परत ठेवावं.

निनाद: हळद न सांडता.

विद्याकाकू: आई म्हणतायत, “मला घोड्याचं चित्र मोठं करून पाठव.”

मृण्मयी: पाठवते आजी. आणि काकू, हा घ्या एकदाचा स्वेटरचा फोटो. पण बघा काय झालंय. समोरून वेताळ कापला, तो मागच्या बाजूने नेमका बाह्यांवर आलाय. पाठ आहे, पुढचा भाग आहे, गळा आहे. बाह्यांचे टाके सगळे गेले.

विद्याकाकू: बघितलं. सुंदर नमुना आहे गं, पानांची जाळी आहे.

विद्याकाकू: त्या बाईने काय केलं असेल?

सुमनआत्या: ती वेताळ वाचत बसली असेल.

विद्याकाकू: नाही वन्सं, विणलाच असणार. मी बिनबाह्यांचा करते. पिवळी लोकर घरात आहे.