पेयोटी: रेणू लॅबमध्ये बनतो तर निवडुंग कशाला तोडायचा?

गच्चीवरचा_माळी:
विषय थोडा लांबचा आहे पण बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून लिहितो. दक्षिण टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत पेयोटी नावाचा छोटा, बिनकाट्यांचा, जमिनीलगत वाढणारा निवडुंग आहे. त्यात मेस्कलिन हे अल्कलॉइड, म्हणजे झाडात तयार होणारं आणि शरीरावर परिणाम करणारं रसायन, असतं. १८९७ मध्ये लाइप्झिगच्या आर्थर हेफ्टरने या निवडुंगातली अल्कलॉइडं सुटी केली आणि एकेक स्वतःवर घेऊन बघितलं, त्यातल्या मेस्कलिननेच रंगीत दृश्यं दिसली. पुढे १९१९ मध्ये व्हिएन्नात अर्न्स्ट श्पेटने तोच रेणू निवडुंगाशिवाय बनवला. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ झाला! तरी निवडुंग तोडला जातोच आहे आणि तो आता धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. माझ्या गच्चीवर ८०-९० कुंड्या आहेत, एक ॲस्ट्रोफायटम जातीचा निवडुंग बियापासून वाढवलाय, सहा वर्षांत जेमतेम लिंबाएवढा झाला. पेयोटीलाही पूर्ण वाढायला दहा दहा वर्षं लागतात, ती एका मिनिटात कापून जातात. माझं म्हणणं सरळ आहे, ज्याला संशोधनासाठी हवंय त्याने लॅबचं वापरावं आणि झाडाला हात लावायची परवानगीच नको, कुणालाही.

रसायनवाली:
"कुणालाही" वर माझा आक्षेप आहे, त्यावर नंतर येते. आधी रसायन. पेयोटी म्हणजे मेस्कलिन असं समीकरण चुकीचं आहे. त्यात पन्नासहून जास्त अल्कलॉइडं सापडलीत. हेफ्टरनेच पेलोटिन नावाचं दुसरं वेगळं केलं होतं, त्याने दृश्यंबिश्यं काही नाही, झोप येते, आणि काही काळ ते झोपेचं औषध म्हणून वापरूनही बघितलं गेलं. पेयोटीच्या एका जवळच्या भावंडात तर पेलोटिनच जास्त आणि मेस्कलिन जवळपास नाहीच. तेव्हा लॅबमधला एक रेणू आणि ते झाड यांना एकाच मापात मोजता येत नाही, जसं मलेरियावरच्या क्विनीनची गोळी म्हणजे ते ज्या झाडातून मिळतं त्या सिंकोनाची साल नव्हे.

आंबोलीकर:
मला वेगळंच सांगायचंय. "लॅबमध्ये बनतं म्हणून झाड वाचेल" हे आम्ही सह्याद्रीत खोटं ठरताना बघितलंय. आपलं नरक्याचं झाड घ्या, तेच उग्र वासाचं. त्याच्या लाकडात आणि मुळात कॅम्प्टोथेसिन असतं, कॅन्सरच्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या औषधांचा कच्चा माल. हा रेणू पहिल्यांदा १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडला, १९७१ पर्यंत लॅबमध्ये बनवूनही झाला, १९७२ मध्ये आपल्या नरक्यात सापडला. आणि मग काय झालं? लॅबने बनवणं परवडत नाही, झाड स्वस्त, म्हणून झाडच तोडलं. मामाच्या गावी लहानपणी रस्त्याकडेला तुकडे करून रचलेला ढीग मी बघितलाय, बुंध्याला अजून ओल होती, मुळासकट उपटलेला. जिथे मूळ पण विकलं जातं तिथे परत फुटायला काही उरतच नाही हो.

गच्चीवरचा_माळी:
आंबोलीकर, नरक्याचं वाचून वाईट वाटलं, मला एवढं माहीत नव्हतं. पण दोन्ही रेणूंत फरक आहे. कॅम्प्टोथेसिनमध्ये अणूंची पाच कडी जोडलेली आणि डावं-उजवं (रेणू आणि त्याचं आरशातलं रूप यातलं नेमकं एक) जमावं लागतं, म्हणून ते बनवणं महाग. मेस्कलिन त्यामानाने अगदी साधा रेणू, एकच कडं, डाव्या-उजव्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे माझा मुद्दा इथे टिकतो.

सॅन_अँटोनिओहून:
दादा, रसायनात टिकतो, माणसांत नाही टिकत. इथली सगळ्यात मोठी मागणी रेणूची नाहीच. नेटिव्ह अमेरिकन चर्चची, म्हणजे इथल्या आदिवासींच्या चर्चची माणसं, १९१८ मध्ये ओक्लाहोमात रीतसर नोंदलेलं चर्च आहे ते, रात्रभर बसून प्रार्थना करतात आणि त्यांच्यासाठी तो निवडुंग म्हणजे औषध आणि प्रसाद दोन्ही. टेक्सासच्या गुहांत सापडलेली पेयोटी पाच हजार वर्षांहून जुनी निघाली, म्हणजे हे नातं कालचं नाही. त्यांना कुपीतली पांढरी पावडर देऊन "हेच घ्या" म्हणणं म्हणजे वारकऱ्याला सांगणं की तुळशीच्या तेलाची बाटली घे आणि माळ ठेव. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याने इथल्या आदिवासींना पेयोटीवरच्या बंदीतून त्यांच्या विधीपुरती सूट आहे, ती मिळवायला त्यांनी कोर्टकचेऱ्या केल्यात, १९९० मध्ये सुप्रीम कोर्टात हरलेही. तुम्ही "कुणालाही नको" म्हणता तेव्हा ती सूट काढून घ्या म्हणताय.

रसायनवाली:
हाच माझा आक्षेप होता. आणि २०१९ नंतर अमेरिकेतल्या काही शहरांत अशा दृश्यं दाखवणाऱ्या वनस्पतींवरची कारवाई सैल करायची चळवळ सुरू झाली, तेव्हा याच चर्चच्या लोकांनी पेयोटी त्यातून वगळा म्हणून सांगितलं, कारण बाहेरच्यांची गर्दी वाढली की त्यांच्या वाट्याला काही उरणार नाही. म्हणजे झाड वाचवायची काळजी त्यांना आपल्यापेक्षा जास्त आहे.

गच्चीवरचा_माळी:
मान्य, "कुणालाही" हा शब्द मागे घेतो. पण बाहेरच्यांनी, नशेच्या ट्रिपसाठी फिरणाऱ्यांनी, तोडायचा नाही यावर मी ठाम आहे.

आंबोलीकर:
त्यावर कोण भांडतंय. पण फक्त तोडणाऱ्यांना दोष देऊ नका. नांगर फिरवून कुरण केलं की झाड असंही संपतं.

सॅन_अँटोनिओहून:
बरोबर, इथे तेच होतंय, शिवाय बहुतेक जमीन खाजगी रँचची, कुंपणापलीकडे काय उरलंय ते मालकालाच माहीत. मी एकदा पक्षी बघायला गेलो होतो, मालकाने झुडपाखाली वाकून दाखवलं. मातीलगत लपलेला, निळसर हिरवा, मधे पांढऱ्या केसांचे गुच्छ. शेजारी एक कापलेला होता, नीट जमिनीलगत, वरचा हिरवा भागच घेतलेला आणि गाजरासारखं मूळ आत तसंच सोडलेलं. त्याच्या कडेने दोन बारकी डोकी फुटली होती, हरभऱ्याएवढी. त्याच्या दोन हात पलीकडे मात्र कुणीतरी मूळ खोलवर कापून नेलेलं, तिथे नुसता खड्डा होता.