नाफ्प्लिओ (ग्रीस): दोन मुक्काम, आई-बाबा सोबत. कसं बसवावं?

सारंगा
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अथेन्सहून नाफ्प्लिओला जायचं ठरतंय. दोन रात्री राहून मायसीनी आणि टिरिन्स (कांस्ययुगातल्या तटबंद राजवाड्यांचे अवशेष), एपिडॉरस (प्राचीन नाट्यगृह) आणि गावातला पालामीदी किल्ला बघायचा. आईचे गुडघे कुरकुरतात आणि दोघंही शाकाहारी. घरच्यांचं म्हणणं, अथेन्सहून एका दिवसाच्या बस-सहलीत मायसीनी-एपिडॉरस दोन्ही उरकतं, मग मुक्काम कशाला? शिवाय गाडी भाड्याने घ्यावी की बसवर भागतं?

खंदकवाला
मुक्काम कराच. अथेन्सच्या सहली दहाच्या पुढे मायसीनीला येऊन थडकतात आणि सिंहद्वाराशी फोटोची रेटारेटी सुरू होते. नाफ्प्लिओहून तुम्ही अर्ध्या तासात पोचता. आठला दार उघडतं, तेव्हाच आत शिरा.

गुडघ्यांचं म्हणाल तर सिंहद्वार आणि त्याच्या आत लगेच उजव्या हाताला असलेलं थडग्यांचं वर्तुळ, एवढं आईंना जमेल. तिथून वर राजवाड्याकडे चढ आहे, पायाखाली गुळगुळीत झालेला दगड आणि सुटी खडी. त्यांनी तिथूनच मागे फिरून खालच्या संग्रहालयात बसावं. जर्मन उत्खननकार श्लीमानने १८७६ मध्ये याच वर्तुळात सोनं काढलं, पण ते 'अगामेम्नॉनचा मुखवटा' म्हणतात त्या सोन्याच्या मुखवट्यासकट अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. इथे प्रतिकृती आहेत. म्हणून अथेन्सचं संग्रहालय आधी करा, नाहीतर मायसीनीत नुसते खड्डे बघितल्यासारखं वाटतं.

बाहेर पडताना तिकीट टाकू नका! 'आट्रियसचा खजिना' (नाव खजिना, पण खरं तर घुमटाचं दगडी थडगं) रस्त्याने अर्धा किलोमीटर अलीकडे आहे आणि त्याच तिकिटावर दाखवतात. बरेच जण पार्किंगमधून सरळ निघून जातात. तिथे चढ-उतार जवळजवळ नाही, त्यामुळे आईंना तीच जागा सगळ्यात सोयीची. दारावरची आतली शिळा अंदाजे १२० टन वजनाची, घुमट तेरा मीटरहून उंच. तोंड पूर्वेला असल्यामुळे सकाळी ऊन आत येतं.

परतताना टिरिन्स, नाफ्प्लिओपासून चार किलोमीटरवर. पाऊसानियस या प्राचीन ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवलंय की इथला लहानातला लहान दगडही खेचरांच्या जोडीला हलायचा नाही. तटाच्या पोटातल्या दगडी बोळाच्या भिंती मेंढ्यांच्या अंगांनी घासून तुळतुळीत झाल्यात, तेवढ्या हात लावून बघा.

तटबंदी
पालामीदीबद्दल. ९९९ पायऱ्या ही लोककथा, प्रत्यक्षात साडेआठशे ते नऊशेच्या दरम्यान. पण तुम्हाला त्या चढायच्या नाहीतच. मागच्या बाजूने डांबरी रस्ता थेट वरच्या दरवाजापर्यंत जातो. टॅक्सीने जा, परतीची वेळ त्याच चालकाशी ठरवा. 'उतरायला काय लागतं' म्हणून पायऱ्यांनी खाली येऊ नका, गुडघ्यांची वाट उतारावरच लागते. बाबांना चढायचंच असेल तर सकाळी, तेव्हा तिकडे सावली असते.

किल्ला व्हेनिसवाल्यांचा, १७११ ते १७१४ मध्ये बांधलेला. लगेच पुढच्या वर्षी तुर्कांनी घेतला, म्हणजे बांधणाऱ्यांना तो धड वर्षभरही लाभला नाही. आपल्याकडचे गड पाहिलेल्याला इथली रचना वाचता येते: प्रत्येक बुरूज स्वतंत्रपणे लढवता येईल असा, आणि पाण्यासाठी टाकी. आत जिने आहेत, पुष्कळ ठिकाणी कठडा नाही. आईंना सेंट अँड्र्यू बुरुजाच्या चौकात, चर्चपाशी बसवून बाकीच्यांनी फिरावं. समुद्रातला बूर्त्झी हा जलदुर्ग (१४७३) धक्क्यावरूनही छान दिसतो. होडी वाऱ्यावर अवलंबून, तिच्यावर बेत बांधू नका.

अटकेपार
बसने जमतं, पण एक गोची आहे. एपिडॉरस नावाची तीन ठिकाणं आहेत. प्रसिद्ध नाट्यगृह लिगुरिओजवळ, आस्क्लिपिओस या आरोग्यदेवतेच्या देवस्थानात. 'पालेआ एपिडाव्रोस' हे समुद्रकाठचं वेगळं गाव (तिथेही एक छोटं प्राचीन नाट्यगृह आहे, म्हणून घोळ वाढतो) आणि 'नेआ एपिडाव्रोस' तिसरंच. तिकीट काढताना 'आर्खेओ थेआत्रो' (प्राचीन नाट्यगृह) म्हणा. मायसीनीचंही तसंच: अथेन्स मार्गावरची बस फिख्तीला सोडते, तिथून अवशेष साधारण चार किलोमीटर. आई-बाबांसोबत हे नको. रविवारी बस आणखी विरळ.

त्यामुळे माझं मत गाडी. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच बुक करा, आणि आंतरराष्ट्रीय परवाना इथल्या आरटीओतून काढून न्या, तिकडे मिळणार नाही. तिसऱ्या दिवशी सामान गाडीत टाकून एपिडॉरस बघा आणि तिथूनच कोरिंथमार्गे अथेन्स गाठा, नाफ्प्लिओला परतायची गरज नाही. नाट्यगृहाच्या खाली ३४ आणि वर २१ ओळी आहेत. खाली बोललेलं वरपर्यंत ऐकू येतं, ही आवाजाची गंमत वरूनच कळते, पण आईंनी खालच्या ओळीत बसलं तरी चालेल, कारण बोलणारा माणूसही लागतोच.

सारंगा
गाडी ठरली. नाफ्प्लिओला मंगळवारी दुपारी पोचतोय, गावातलं संग्रहालय लगेच करावं का?

खंदकवाला
मंगळवारी ते बंद असतं. बुधवारी मायसीनी, टिरिन्स करून दीडच्या आत गावात या, कारण साडेतीनला दार लावतात. सिंताग्मा चौकातली १७१३ ची व्हेनिशियन कोठाराची इमारत. जवळच्या डेंड्रा गावात सापडलेलं कांस्य चिलखत आधी गाठा: इसवीसनपूर्व पंधराव्या शतकातलं, सोबत रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण. पालामीदी मंगळवारी दुपारीच करा. ऑक्टोबरमध्ये बंद व्हायची वेळ दर पंधरवड्याला अलीकडे येते, त्यामुळे आदल्या दिवशी वेळ तपासा.

तटबंदी
जेवणाचं राहिलंच. 'नीस्तीसिमो' म्हणजे उपवासाचं, असं सांगून मागवू नका. त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकूल, ऑक्टोपस चालतात! 'खोरीस क्रेआस, खोरीस प्सारी' म्हणा, मांस नको, मासे नको. गिगांतेस (टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे वाल), ब्रिआम (भट्टीत भाजलेल्या मिश्र भाज्या) आणि उकडलेली पालेभाजी 'होर्ता' यांवर पोट भरतं. भरल्या भाज्या, म्हणजे गेमिस्ता, मागवताना विचारा, कधीकधी आत खिमा असतो.