वेल्डिंग जनरेटर लोड आल्यावरही मंदच चालतो

प्रश्न (परतूर): शेतातील शेडचे काम चालू असताना आमच्या डिझेल वेल्डिंग जनरेटरने त्रास द्यायला सुरुवात केली आहे. रॉड टेकवला तरी इंजिन रेस घेत नाही, रॉड चिकटतो आणि ग्राइंडरही जेमतेम फिरतो. दोष इंजिनात समजावा की अल्टरनेटरमध्ये (वीज तयार करणाऱ्या भागात)?

उत्तर १: आधी ऑटो-आयडलचे (लोड नसताना इंजिन आपोआप मंद करणाऱ्या सोयीचे) बटण बंद करून इंजिन पूर्ण गतीवर चालवा आणि सॉकेटवर व्होल्टेज व फ्रिक्वेन्सी मोजा. ५० हर्ट्झसाठी दोन पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) अल्टरनेटरला मिनिटाला ३००० आणि चार पोलच्याला १५०० फेरे लागतात. लोड नसताना ते थोडे अधिक असणे योग्यच. अशा वेळी वेल्डिंग नीट झाले, तर दोष लोड ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये, वायरिंगमध्ये किंवा इंजिनाच्या गतीचा लिव्हर मंद गतीवर ओढून धरणाऱ्या सोलेनॉइडमध्ये (विजेवर चालणाऱ्या चुंबकात) आहे.

उत्तर २ (लातूर): कृपया सोलेनॉइड बदलण्याची घाई करू नका. माझ्या यंत्रात काळ्या मातीची धूळ ग्रीसमध्ये मिसळून लिव्हरच्या सांध्यात इतकी घट्ट बसली होती, की सोलेनॉइडने सोडल्यावरही स्प्रिंग त्याला मागे ओढू शकत नव्हती.

उत्तर ३: गती बरोबर असून व्होल्टेज कमी असेल, तर इंजिन बंद करून अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश आणि स्लिप रिंग तपासा. लोडवर गती पडून काळा धूर येत असेल, तर पहिला संशय एअर फिल्टरवर घ्या.

प्रश्नकर्ता: बटण बंद करून लिव्हर हाताने सरकवल्यावर ५१ हर्ट्झ मिळाले आणि वेल्डिंगही सरळ झाले. सांधा खरोखरच जाम आहे. उद्या सकाळी तो खोलून धुतो.