कोंबडीचं अंडं अडलंय असं वाटतंय, डॉक्टर उद्या भेटणार. तोपर्यंत घरी काय करता येईल?

परसदार_सातारा
आर.आय.आर. (ऱ्होड आयलंड रेड जातीची) कोंबडी, वय दहा महिने, वजन दोन किलोच्या आसपास. कालपासून अंडं नाही. आज पंख सैल सोडून, शेपूट पाडून ताठ उभी राहते आणि सारखी जोर करते. टोपलीत बसते, लगेच उठते. दाण्याला तोंड लावत नाही, पाणी थोडं पिते. शिट पातळ, पांढरट. खुडूक (अंडी उबवायला बसलेली) नाही, हात घातला तर अंग फुगवत नाही की टोचत नाही. खाद्य म्हणजे मका, तांदळाची कणी आणि घरातलं उरलंसुरलं. डॉक्टर उद्या दुपारी भेटतील.

खुराडं_आणि_परस
लक्षणं अंडं अडल्याचीच आहेत, पण आधी खात्री करा. नखं काढा, हातमोजा घाला, बोटाला खोबरेल तेल लावा. गुदद्वारातून बोट हळूच आत घालून कोंबडीच्या डाव्या अंगाला वळवा, कारण कोंबडीची डावीच अंडनलिका काम करते. दोनेक इंचांवर टणक, गोल काही लागलं तर ते अंडं. काहीच लागलं नाही आणि पोट पाण्याच्या पिशवीसारखं थुलथुलीत असेल, तर आजार वेगळा आहे. मग घरगुती उपायात वेळ घालवू नका.

अंडं लागलं तर आधी कॅल्शियम, मग शेक. अंडं ढकलणाऱ्या स्नायूंना आकुंचनासाठी कॅल्शियम लागतं, आणि एका कवचातच सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं. मक्यात आणि कणीत ते नावालाच असतं. डी३ जीवनसत्त्व असलेली ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची माणसांची गोळी चालेल. तुकडे करून एकेक तुकडा जिभेच्या मागे, कडेला ठेवा. पातळ औषध द्यायचं तर चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडा. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागेच असतं, पिचकारी मारली तर औषध फुप्फुसात जातं.

शेकासाठी पाणी ३८ ते ४० अंश, कोपर बुडवलं तर कोमट लागेल इतकंच. टबात पोट आणि गुदद्वार बुडेल इतकं पाणी घेऊन १५ ते २० मिनिटं बसवा, निवलं की कोमट पाणी घालत राहा. मग टॉवेलने पूर्ण कोरडी करा, गुदद्वाराच्या कडेला आतून तेल लावा आणि अंधाऱ्या, उबदार खोक्यात एकटी ठेवा. पिण्याचं पाणी जवळ असू द्या. तासा-दोन तासांनी पुन्हा शेक. मध्ये सारखं उचलून बघू नका, घाबरली की ती अंडं रोखून धरते.

गावरान_पालन
एक भर घालतो. पोट दाबून अंडं खाली ढकलायचं किंवा आत फोडून काढायचं, असं गावाकडे सर्रास सांगतात. कृपा करून करू नका. कवचाच्या धारेने अंडनलिका चिरते, पिवळा बलक पोटात सांडतो आणि जंतुसंसर्गाने पक्षी जातो. तोंडातून तेल पाजण्यानेही काही साधत नाही, अन्नमार्ग आणि अंडनलिका वेगळ्या आहेत. ऑक्सिटोसिनचं (अंडनलिका आवळायला लावणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन तर डॉक्टरांनीच द्यायचं. अंडं चिकटलेलं किंवा आडवं असताना ते दिलं तर नलिका फाटू शकते.

वर जे उद्या दुपार म्हणालात, तेवढं थांबणं मला पटत नाही. पूर्ण अडलेलं अंडं २४ ते ४८ तासांत जीव घेऊ शकतं आणि तुमचे बरेच तास गेलेत. कोंबडी डोळे मिटून पडू लागली किंवा पाय लटपटू लागले, तर आजच दुसरे डॉक्टर गाठा.

परसदार_सातारा
अंडं लागलं. दुसऱ्या शेकानंतर टोक दिसतंय, पण भोवती लाल मांस ताणलेलं आहे. धरून ओढू का?

खुराडं_आणि_परस
ओढू नका, मांसही बाहेर येईल. बोटाने अंडं आणि मांसाच्या मधल्या फटीत तेल सोडा, सगळीकडून. मग ते मांस अंड्यावरून हळूहळू मागे सारा. ती जोर करेल तेव्हा सारायचं, थांबली की तुम्हीही थांबा.

अंडं आल्यावर मांस आपोआप आत गेलं तर उत्तम. नाही गेलं तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून त्याने धुवा. सूज असेल तर मध किंवा साखरेचा दाट पाक १० मिनिटं लावून ठेवा, त्याने मांसातलं पाणी ओढलं जातं. मग धुऊन, तेल लावलेल्या बोटाने आत बसवा. इतर कोंबड्यांत अजिबात सोडू नका, लाल दिसलं की त्या टोचून आतडी बाहेर काढतात. आठवडाभर उजेड आठ तासांपुरताच ठेवा, म्हणजे अंडी थांबतील आणि जागा भरून येईल. डॉक्टरांना तरीही दाखवाच.

लेअर_मॅश
पुढचं अंडं पुन्हा अडू नये म्हणून खाद्य बदला. लेअर खाद्यात (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात) कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असतं. त्याशिवाय शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, खाद्यात मिसळू नका. जिला लागेल ती खाईल. कोंबडा आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना जादा कॅल्शियम गेलं तर मूत्रपिंडं बिघडतात. चुरा ज्वारीच्या दाण्याएवढा भरड हवा. कवच मुख्यतः रात्री बनतं, तेव्हा कोंबडी खात नसते. भरड तुकडे पोटात रात्रभर विरघळत राहतात, पीठ संध्याकाळीच पुढे निघून जातं. खायचा चुना पाण्यात कालवून देणारेही आहेत. तो देऊ नका, चोच आणि घसा भाजतो.