सुट्टीत टेस्टिंग मेन्यू: ४१ हजारांची भातुकली?

घाटावरचा (धागाकर्ता)

लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून गेल्या महिन्यात आम्ही दोघं बँकॉकला जाऊन आलो. बायकोची फार दिवसांची हौस, म्हणून एका नावाजलेल्या ठिकाणी टेस्टिंग मेन्यू घेतला. नाव लिहीत नाही, कारण भांडण त्या हॉटेलाशी नाही, प्रकाराशी आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: इथे आपण काही मागवायचं नसतं. शेफ ठरवेल ते एकामागून एक समोर येतं, घास-दोन घासांचं. आमचे १८ पदार्थ झाले, सव्वातीन तास लागले. माणशी ७,००० बाथ असं लिहिलं होतं आणि पुढे अधिकची दोन चिन्हं. ती मी छपाईची चूक समजलो. एक चिन्ह १० टक्के सर्व्हिस चार्जचं, दुसरं त्या सगळ्यावर ७ टक्के कराचं. दोघांचे १६,४७८ बाथ, आपले ४१ हजारांच्या आसपास. पाण्याची बाटली वेगळी.

चव चांगली होती, काही घास तर फारच. पण आपण एवढ्या लांब जातो कशाला? संध्याकाळी सात ते सव्वादहा ही तिथे रस्ता पेटायची वेळ. याओवारातला, म्हणजे तिथल्या चायनाटाउनमध्ये, पाट्यांच्या उजेडात कढया धडधडत असतात. आणि आम्ही बिनखिडकीच्या खोलीत बसून, एक मुलगा ही भुकटी कशाची ते सांगतोय ते माना डोलावत ऐकतोय. तीच खोली कोपनहेगनला असती तरी काही फरक पडला नसता. चार संध्याकाळींची सुट्टी, त्यातली एक यात गेली.

माझं मत: हे चोचले करायचे तर आपल्या गावात करावेत, सुट्टीत नाही. बोला.

पोटोबा

१८ घास? आमच्याकडे त्याला 'चव बघणं' म्हणतात. ओट्यापाशी उभ्याने करतात. फुकट.

नीलकांती

साफ असहमत. लंडनला नाटक बघून आलेल्याला कोणी म्हणतं का, की अंधारात अडीच तास कशाला बसलास, बाहेर थेम्स होती ना?

मी २०१८ मध्ये बँकॉकलाच शेफ गगन आनंद यांच्या जुन्या जागी जेवले होते (ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये बंद झाली, पुढे त्यांनी नवी काढली). कार्डावर शब्द एकही नाही, नुसत्या २५ इमोजी. पहिल्या काही घासांत चमच्यात एक पांढरी गोळी आली, दह्याची. दह्यात कॅल्शियम असतंच. समुद्री शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटच्या पाण्यात ते चमचाभर सोडलं की वर पातळ पापुद्रा धरतो आणि आत दही पातळच राहतं. टाळूला लावून दाबलं, फुटलं, आणि मला चौपाटीवरची दहीपुरी आठवली. कोलकात्याचा माणूस, स्पेनमध्ये रुळलेलं तंत्र, बँकॉकमधलं टेबल. हे मी 'आपल्या गावात' कुठे करणार होते? मिशलिनची (रेस्टॉरंटना तारे देणारी) यादी भारतात नाहीच, आणि फक्त टेस्टिंग मेन्यू वाढणारी ठिकाणं अगदी मोजकी. मुंबईत महालक्ष्मीच्या गिरणीतलं 'मास्क' २०१६ पासून आहे. नागपूरच्या माणसाने काय करावं?

वरणफळ

धागाकर्ते, निवड नसते म्हणून एवढं वाटून घेताय, तर लग्नाच्या पंगतीत तुम्हाला कोणी मेन्यूकार्ड दिलं होतं? मीठ-लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, आधी वरणभात, मग पुरी, मधे मसालेभात, शेवटी दहीभात. सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. आपल्याकडेही तो टेस्टिंग मेन्यूच होता, फक्त मांडी घालून.

एक गंमत. सगळं एकदम मांडायची पद्धत फ्रेंचांचीही होती. एकामागून एक पदार्थ आणायची रीत त्यांच्याकडे १९ व्या शतकात रशियनांकडून आली, आणि अजून तिला 'रशियन पद्धत'च म्हणतात. तेव्हाही कोणीतरी कुरकुरलं असणारच, की टेबल रिकामं दिसतं म्हणून.

घाटावरचा

@वरणफळ, पंगतीत आग्रह असतो हो! वाढपी जिलब्यांचं ताट घेऊन परत येतो, आपण पानावर आडवा हात धरतो, तो तरी बोटांच्या फटीतून एक टाकतो. इथे सातव्या नंबरला खेकड्याचं काहीतरी आलं, लिंबाच्या पानाच्या वासाचं. आयुष्यात इतकं चांगलं क्वचित खाल्लं असेल. आणखी मिळेल का विचारलं तर मुलगा गोड हसला आणि आठवा नंबर ठेवून गेला. ज्या जेवणात आवडलेलं पुन्हा मागता येत नाही त्याला मी जेवण म्हणणार नाही. नाटक म्हणा हवं तर, नीलकांतींनी म्हटलंच आहे.

नीलकांती

नाटकात वन्स मोअर मिळायचे हो पूर्वी. :)

तिखटमीठ

युरोपात अशा दोन स्वयंपाकघरांत मिळून पाच वर्षं काम केलंय, म्हणून लिहितो. तो खेकडा पुन्हा का आला नाही? कारण सकाळी मोजून तेवढेच घास तयार झालेले असतात. ३० पाहुणे तर ३० आणि वर दोन-तीन, सांडलं-पडलं तर. खेकड्यातून मांस उकरायला दोन पोरं सकाळी नऊपासून बसलेली असतात, चिमटा घेऊन. तुमच्या ४१ हजारांत खेकडा कमी आणि ती पोरं जास्त आहेत.

आणि बऱ्याच ठिकाणी ती पोरंही त्यात नव्हती. जगातल्या मोठमोठ्या स्वयंपाकघरांत शिकाऊ उमेदवार महिनोनमहिने बिनपगारी राबले आहेत. कोपनहेगनच्या नोमाने उमेदवारांना पगार द्यायला २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली आणि २०२३ च्या जानेवारीत जाहीर केलं की २०२४ संपता संपता नेहमीचं रेस्टॉरंट बंद करणार, हे गणित टिकणारं नाही. जगात पाच वेळा पहिल्या नंबरावर आलेली जागा ही. म्हणून 'महाग' हा आक्षेप मला पटत नाही. खरा खर्च लावला तर आणखी महाग पडेल. ते आणखी महाग व्हावं की बंद व्हावं, यावर माझंच मत दर सहा महिन्यांनी बदलतं.

पोटोबा

म्हणजे ३० घासांसाठी दोन पोरं आणि आमच्या घरी २०० मोदकांसाठी एक आई. चालू द्या.

माईंचा_डबा

घाटावरचे, तुमचा रस्ता जिवंत, मान्य. पण तो कोणासाठी? मी शाकाहारी, अंडंही नाही. थायलंडमध्ये माशाचा खारट सॉस, नाम प्ला, साध्या कोबीच्या भाजीतही पडतो. 'भाजी आहे' म्हणून हसतमुखाने वाढतात, त्यांची चूक नाही, त्यांच्या लेखी ते मीठ आहे. पिवळ्या कापडावर लाल अक्षरांत 'जे' (म्हणजे पूर्ण शाकाहारी) लिहिलेली गाडी दिसली तरच मी थांबते. नाहीतर सुट्टीभर आंबा आणि चिकट भात. तुम्ही धूर आणि खमंग वास लिहिताय. मला त्याच रस्त्यावर भूक लागलेली असते आणि हातात बिस्किटांचा पुडा.

शेफ गरिमा अरोरा मुंबईत वाढलेल्या. त्यांच्या बँकॉकमधल्या 'गा'मध्ये मी शाकाहारी मेन्यू घेतला होता. मिशलिनचा तारा मिळालेल्या पहिल्या भारतीय बाई त्या. पुढे 'गा'ला दुसरा ताराही मिळाला. कोवळा फणस निखाऱ्यावर भाजून, रोटी आणि लोणच्यांबरोबर. आमच्याकडे पावसाळ्याआधी कुयरीची भाजी होतेच, पण फणसाला असा मान दिलेला मी पाहिला नव्हता. त्या सहलीतलं शंका न घेता खाल्लेलं माझं हे एकमेव जेवण.

घाटावरचा

@माईंचा_डबा, हे डोक्यात आलंच नव्हतं. मासे खाणाऱ्याला रस्ता फुकटात मिळतो. तुमच्यापुरतं मत मागे. माझ्यापुरतं तसंच.

सांजवात

रस्ता विरुद्ध खोली ही विभागणीच मला खोटी वाटते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये बँकॉकची पहिली मिशलिन यादी आली, त्यात महाचाई रस्त्यावरच्या जे फाय आजींनाही तारा मिळाला. डोळ्यांवर गॉगल, समोर कोळशाची शेगडी, खेकड्याचं जाडजूड ऑम्लेट. मग काय झालं? रांग अशी की आमचा अर्धा दिवस फुटपाथवर गेला, आणि ऑम्लेट हजार बाथच्या पुढे. तुमची निदान एक संध्याकाळच गेली, तीही एसीत.

(ऑम्लेट उत्तम होतं. रांगेत मात्र एकही स्थानिक माणूस दिसला नाही.)

केतकी_बन

वाद चालू दे, मला मदत हवी आहे. डिसेंबरमध्ये बाबांना घेऊन चाललो आहोत, वय ७२, मधुमेह. त्यांनाच हे एकदा करायचंय, आम्हाला नाही. जमेल का?

तिखटमीठ

बुकिंग करतानाच लिहून कळवा, टेबलावर बसल्यावर नाही. सकाळी कळलं तर आम्ही काहीही बदलतो, रात्री आठला कळलं तर फक्त वगळतो. शेवटचे तीन-चार पदार्थ गोडाचेच असतात, त्यांचं आधी बोला. दुपारी वाढत असतील तर दुपारचंच घ्या, बहुतेक ठिकाणी तो मेन्यू आखूड आणि स्वस्त असतो. पहिल्या घासाला अर्धा तास लागू शकतो, आणि पोटभर म्हणावं असं काही तासाभराने येतं. गोळीची वेळ त्या हिशेबाने ठेवा.

माईंचा_डबा

आणि पर्समध्ये बिस्किटांचा पुडा असू द्या. मी काढला होता, कोणी काही म्हणालं नाही.

घाटावरचा

बाबांना खेकडा चालत असेल तर सातव्या नंबरला माझी आठवण काढा. आणि किमतीपुढे ती दोन चिन्हं आहेत का, ते आधी बघा.