कॅनडा पीएनपी: अनुभवपत्र कसं असावं?

प्रश्न (कुपवाड, सांगली):
एमआयडीसीत सीएनसी मशिनिस्ट आहे. कॅनडात कायम राहण्यासाठी प्रांतिक नॉमिनेशन (पीएनपी, म्हणजे तिथल्या एखाद्या प्रांताची शिफारस) हवंय, त्याचे कागद जमवतोय. मालकांनी लेटरहेडवर एवढंच दिलंय: 'सदर इसम आमचेकडे कामास असून वर्तणूक चांगली आहे.' चालेल का? जन्मदाखला ग्रामपंचायतीचा, मराठीत आहे. बहीण इंग्रजीची शिक्षिका आहे, तिच्याकडून भाषांतर करून घेऊ?

मिरजकर:
दादा, या पत्रावर अर्ज पाठवू नका, कळकळीनं सांगतो. हुद्दा, रुजू तारीख, आठवड्याचे तास, पगार आणि रोजचं काम नेमकं हवं. ड्रॉइंग वाचणं, टूल ऑफसेट घालणं, मायक्रोमीटरनं जॉब तपासणं, जे खरंच करता तेच. मसुदा तुम्हीच करून न्या, मालकांना वेळ नसतो हो. एनओसीतली, म्हणजे कॅनडाच्या सरकारी व्यवसाय-यादीतली, वाक्यं मात्र जशीच्या तशी उतरवू नका. जोडीला पगारपत्रकं, फॉर्म १६, पीएफ पासबुक.

विट्याची ताई:
बहिणीचं भाषांतर नाही चालत, नात्यातलं कुणीच नको. प्रमाणित भाषांतरकार गाठा, नसेल तर भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. मूळ दाखल्याची प्रतही जोडा. आणि आयईएलटीएसचा (इंग्रजीच्या परीक्षेचा) निकाल २ वर्षंच धरतात, तारीख बघा.

प्रश्नकर्ता:
पीएफ पहिल्या महिन्यापासून कापलाय. मसुदा आजच लिहायला घेतो. ताई, मिरजेत प्रमाणित भाषांतरकार कुणी माहितीत आहे का?